गुलछडीसाठी गाडी

गाडीतलं आपल्याला जेवढं कळतं, तेवढं भोर तालुक्यात कुणालाच कळत नाही, असं सोमेश्वरचं ठाम मत होतं. तालुका हे तो विनयानं म्हणायचा. मनात जिल्हाच असायचा! हॉर्न ऐकून गाडीचं मॉडेल सांगायचा, धूर बघून मालकाचा स्वभाव सांगायचा, आणि ज्या गाड्यांच्या टायरलाही कधी हात लागला नव्हता त्यांना पारावर बसून खुशाल नावं ठेवायचा. त्याच्या स्वतःच्या दारात मात्र एक छोटी, दमलेली गाडी होती. तिला चार दारं होती, त्यातलं एक फक्त आतून उघडायचं.

भोंगवलीत त्याची शेती होती आणि शेतीपेक्षाही लाडकी एक घोडी होती. गुलछडी! पांढरीशुभ्र, लांब मानेची, आणि स्वतःच्या रूपाची पुरती जाणीव असलेली. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, त्या परण्याला तिला मागणी असायची. ताशा कडकडला की ती असे काही पाय उचलायची, की लोक नवरदेवाला सोडून तिचेच फोटो काढायचे. खोड एकच. टेम्पोत चढायची नाही! एकदा चौघांनी ढकलून चढवलं, तर तिनं मागच्या फाळक्याला अशी लाथ घातली की तो टेम्पोवाला भोंगवलीचं भाडं पुन्हा घेईना. त्यामुळे चालत जाता येईल एवढ्याच गावांत तिचा मान होता.

घोडं अडलं ते मेव्हण्याच्या लग्नात. सोमेश्वरची बायको कोमल हिर्डोशीची, म्हणजे पार वरंधा घाटाच्या अंगाची. तिचा धाकटा भाऊ स्वरूप याचं लग्न ठरलं, मांडव नवरदेवाच्या दारातच. साखरपुड्याला सगळी भावकी जमलेली असताना सासरे रायबा सहज म्हणाले, "परन्याला वाईकडची घोडी सांगितलीया."

सोमेश्वरच्या हातातला पेढा हातातच राहिला. "मामा! जावयाच्या दारात घोडी असताना भाड्याची घोडी? आत्ताच्या आत्ता नको म्हनून कळवा! स्वरूप बसंल तर आमच्या गुलछडीवर!"

"आन् ती येनार कशी? टेम्पोत चढत न्हाई म्हंत्यात."

"टेम्पो कशापायी? सोताच्या गाडीनं यील!"

भावकीनं माना वळवून बघितलं. रायबा कमी बोलायचे. जन्मभर बैल पारखलेला माणूस, त्यामुळे माणसाकडेही तो आधी पायापासून बघायचा. त्यांनी शांतपणे मोबाईल काढला, वाईच्या घोडीवाल्याला नको म्हणून सांगितलं, मोबाईल परत बंडीत ठेवला आणि म्हणाले, "सांगितलं. आता तुमी हायसा आन् तुमचा सबूद हाय."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण रायबांनी जावयाचं कौतुक म्हणून कधी केलं नव्हतं. कुणी विचारलं तर "बोलन्यात हुशार हायती" एवढंच म्हणायचे, आणि ते कौतुक नव्हे हे बाकीच्यांना लगेच कळायचं. सोमेश्वरला ते फार लागायचं. सासऱ्याच्या तोंडून भावकीदेखत एकदा तरी शाबासकी घ्यायची, एवढीच त्याची इच्छा होती. आणि ती आता एका घोडीला हिर्डोशीपर्यंत पोचवण्यावर येऊन ठेपली होती.

'स्वतःची गाडी' ही काही अगदीच थाप नव्हती. वेल्ह्याकडे एका पुणेकर साहेबांचं फार्महाऊस होतं. त्यांच्या घोड्यांकडे सोमेश्वर अधूनमधून बघायचा. साहेबांनी घोडे विकले आणि घोडे न्यायचा ट्रेलर तेवढा उरला. दोन चाकं, पुढं ओढायचा दांडा, मागं उतरती फळी, आत गवताची जाळी आणि बाजूला खिडकी. नंबर होता, कागद चोख होते. साहेबांनी जुन्या ओळखीनं तो सोमेश्वरला देऊन टाकला. त्यांच्या ड्रायव्हरनं तो भोंगवलीत आणून सोडला, आणि आपली गाडी घेऊन तो निघून गेला.

गुलछडीनं ट्रेलर हुंगला. एक फेरी मारली. आणि कुणी काही म्हणायच्या आत फळीवरून टकटक करत आत जाऊन उभी राहिली! खिडकीतून डोकं काढून तिनं गल्लीकडे असं बघितलं, की जणू भाडेकरू बघत होती.

"ह्या बयेला टेम्पो नको हुता," कोमल म्हणाली, "बंगला पायजे हुता!"

आता राहिली होती फक्त ओढायला गाडी. "त्यात काय मोठं? चार चाकं आन् एक हुक!" सोमेश्वर म्हणाला. गेनू वेल्डरला बोलावून त्यानं आपल्या छोट्या गाडीच्या मागं एक दणकट हुक डकवून घेतला. ट्रेलर जोडला. अर्धी गल्ली गोळा झाली. सोमेश्वरनं गॉगल लावला, पहिला गिअर टाकला आणि गाडी झोकात पुढं गेली!

ट्रेलर मात्र जागेवरच होता. हुकही जागेवरच होता. आणि हुकाला लागून गाडीचा मागचा अख्खा बंपर!

"झाली वाटनी!" कोमल ओट्यावरून म्हणाली.

"वेल्डिंग मजबूत हाय का न्हाई सांगा!" गेनू छाती फुगवून म्हणाला. ते खरंच होतं. जोड तुटला नव्हता, गाडी तुटली होती.

संध्याकाळी पुतणी स्नेहल घरी आली. ती भोरला मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दारातला बंपर बघून तिनं कपाळाला हात लावला.

"काका, हे बेकायदेशीर आहे! आणि जीवघेणंसुद्धा! आधी मला सांगा, ओढायचं वजन किती?"

"ट्रेलर, आन् त्यात घोडी."

"घोडी किती किलोची?"

"बाईमाणसाचं वजन इचारत्यात व्हय गं?"

स्नेहल हसली नाही. तिनं बोटांवर मोजत सगळं ऐकवलं. ट्रेलर, घोडी आणि चारा मिळून जेवढं वजन होईल तेवढं ओढायची मुभा त्या गाडीला कंपनीनं दिलेली पाहिजे. नुसतं इंजिन दांडगं असून भागत नाही. हुक चेसिसला, ठरलेल्या जागी, बोल्टनं बसवलेला पाहिजे. ट्रेलरचे मागचे लाल दिवे गाडीच्या दिव्यांबरोबर लागले पाहिजेत. "आणि मुख्य म्हणजे," ती म्हणाली, "ट्रेलरचा ब्रेक चालतो की नाही ते बघा. घाटात उताराला तो ट्रेलर तुम्हाला ढकलत नेईल, आणि हिर्डोशीऐवजी थेट धरणात परण्या होईल!"

मग गुलछडीला चालवत सारोळ्याच्या वजनकाट्यावर नेलं. काट्यावर उभी राहून ती फोटो काढून घेतल्यासारखी मान वळवून थांबली. काटेवाल्याच्या कॉम्प्युटरात मालाच्या जागी घोडी हा प्रकारच नव्हता. त्यानं डोकं खाजवलं आणि पावती छापली. माल, ऊस! "आदी ऊस हुता, आता घोडीच्या पोटात हाय," असं त्याचं स्पष्टीकरण. वजन तेवढं बरोबर होतं.

सारोळ्यातच हायवेला लागून इंद्रजितचा जुन्या गाड्यांचा अड्डा होता. गाडी बघायला जायचं ठरलं, तशी हिर्डोशीहून रायबा आपण होऊन आले. डोक्याला फेटा, हातात काठी. "जनावर घेताना चार डोळे बरे," म्हणाले.

सोमेश्वरची नजर शिरताक्षणीच एका काळ्या, उंच, चकचकीत गाडीवर बसली. छताला काच, आत निळे दिवे! "हीच!" तो म्हणाला. "हिची चाल बगूनच म्या वळखलं!"

"काका, ती उभी आहे," स्नेहल म्हणाली. तिनं गाडीचं पुस्तक काढून पान उघडलं. कंपनीनं लिहिलं होतं, ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही. इंद्रजित हळूच दुसरीकडे बघायला लागला.

कोपऱ्यात एक राखाडी डिझेल जीप होती. रुंद, बसकी, आणि दिसायला अजिबात देखणी नाही. आधीचा मालक तिनं धरणावर बोट ओढून न्यायचा. त्यामुळे हुक होता, तोही ठरलेल्या जागी, बोल्टनं. दिव्यांची वायर होती. पुस्तकात ओढायचं वजन होतं, आणि ते ऊस छापलेल्या पावतीपेक्षा ट्रेलर धरूनही बरंच जास्त होतं. स्नेहलनं पहिल्यांदा मान डोलावली.

रायबांनी मात्र आपली तपासणी सुरू केली. टायरला बोट लावलं. बॉनेटवर थाप मारली. मागं जाऊन वाकून बघितलं. इंद्रजितला जीप चालवायला लावून तिच्या बाजूनं काठी टेकत चालले. शेवटी म्हणाले, "खांदा बरा हाय. पन वढून दावा."

"म्हंजे?"

"आमी बैल घेतो तवा गाडीला जुपतो. चाकं बांधतो. वर मानसं बसवतो आन् वढाया लावतो. बांधल्या चाकाची गाडी वढली तर बैल आपला. त्याबिगर दाव्याला हात लावत न्हाई."

"मामा, ही जीप हाय!"

"मग तर वढायलाच पायजे!"

इंद्रजितला जीप खपवायची होती आणि सोमेश्वरला सासऱ्याची शाबासकी हवी होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी स्नेहल भोरला कामावर गेल्याची खात्री करून भोंगवलीच्या वेशीबाहेर चढाला परीक्षा मांडली! ट्रेलर जीपला जोडला. रायबांनी ट्रेलरची दोन्ही चाकं स्वतःच्या हातानं कासऱ्यानं आवळून बांधली. वजनाला माणसं चढली. गेनू चढला, पारावरची रिकामी मंडळी चढली, शेजारच्या बाळाबाई पिशवी घेऊन चढल्या. शेवटी रायबा स्वतः आत शिरले. बैलाची ओढ गाडीत बसल्याशिवाय कळत नाही म्हणे! फळी लावून घेतली.

"हं! वढा!" आतून हुकूम सुटला.

सोमेश्वरनं क्लच सोडला. जीप गुरगुरली, दबली आणि निघाली! बांधल्या चाकांचा ट्रेलर चढावर मुरमात दोन खोल चर पाडत सरकायला लागला. गावानं शिट्ट्या मारल्या! सोमेश्वरला गहिवरून आलं. तेवढ्यात मागं काहीतरी फाटकन तुटलं आणि ट्रेलर एकदम हलका झाला. तुटला होता तो कासरा. सोमेश्वरला वाटलं, आता गाडी तापली, आता तिचा खरा जोर लागला!

आतून आरडाओरडा सुरू झाला. "थांबीव! आरं थांबीव!" सोमेश्वरला फक्त ओरडा ऐकू आला. मंडळी खूश झाली, असं समजून त्यानं हात बाहेर काढून हलवला आणि जीप डांबरी रस्त्याला घातली.

फाट्यावर पोलीस उभे होते. हवालदारांनी हात केला. सोमेश्वरनं ऐटीत जीप बाजूला घेतली. इतके दिवस पाठ केलेलं कुणाला तरी ऐकवायची संधी आयतीच आली होती.

"घोड्याचा ट्रेलर हाय, साहेब. नंबर हाय, कागद हायती, हुक बोल्टचा, दिवे लागत्यात. सगळं कायद्यात बसवलंय!"

हवालदारांनी सगळं बघितलं. खरंच चोख होतं. "शाबास," ते म्हणाले, "लोक एवढं कुठं करत्यात! घोडा बगू तुमचा." आणि त्यांनी मागची फळी उघडली.

आधी गेनू उतरला. मग पारावरची मंडळी एकेक करून, नजर चुकवत उतरली. मग बाळाबाई उतरल्या. "मला सारोळ्याला जायाचंच हुतं," त्या म्हणाल्या आणि पिशवी सावरत चालायला लागल्या. सगळ्यांत शेवटी रायबा उतरले. फेट्यात गवत अडकलं होतं.

हवालदार आत डोकावले. पुन्हा बाहेर बघितलं. "आन् घोडी?"

"ती घरी हाय, साहेब," सोमेश्वर म्हणाला.

मालाच्या ट्रेलरमध्ये माणसं कोंबल्याबद्दल पावती फाटली आणि खरमरीत कानउघाडणी झाली. ती पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरच्या कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. रायबा घरी पोचायच्या आत हिर्डोशीनं बघितलं, की रायबा घोडीच्या डब्यातून उतरतात! संध्याकाळी त्यांचा फोन आला. सोमेश्वरनं उभं राहून घेतला.

"गाडी वढती," रायबा म्हणाले. "घ्या. पन आता गाव मला हसतंय. परन्याला घोडी आली न्हाई, तर तुमीबी येऊ नगा."

जीप घेतली. ट्रेलरचे घासलेले टायर बदलले, ब्रेक नीट करून घेतले. स्नेहलला परीक्षेचं कळलं, तेव्हा ती काकाशी नुसती हं-नाही एवढंच बोलायची, पण वायर जोडून दिवे तिनंच तपासले. लग्नाच्या दिवशी सकाळीच गुलछडीला नटवलं. पाठीवर जरीची झूल, कपाळाला मोत्यांच्या माळा, गळ्यात घुंगरं. आपण होऊन ती आत गेली आणि वळून फळीकडे तोंड करून उभी राहिली. जीपमध्ये सोमेश्वर, कोमल आणि स्नेहल.

भोरच्या चौकात नेमके तेच हवालदार! त्यांनी जीप थांबवली, मागं गेले आणि फळीच्या वरची झडप उघडली. आतून गुलछडीनं मोत्यांच्या माळांसकट त्यांच्याकडे बघितलं.

"आज घोडीच हाय व्हय!" ते दचकून म्हणाले.

"व्हय साहेब."

"आन् मानसं?"

"जीपमध्ये."

"जावा, जावा," ते म्हणाले. "लग्नाला माझाबी आशीर्वाद सांगा."

धरणाच्या कडेकडेनं, वळणावळणांनी जीप अशी गेली की कोमलला डुलकी लागली. चढाला हू नाही, उताराला चू नाही. आणि मुहूर्ताच्या कितीतरी आधी हिर्डोशीच्या मांडवासमोर जीप उभी राहिली! बाशिंग बांधलेला स्वरूप तयार होता, बँड तयार होता. भावकी रांगेनं उभी होती आणि सगळ्यांत पुढं रायबा होते. सोमेश्वर उतरला, गॉगल काढला आणि फळी खाली सोडली.

"ये, गुलछडे!"

गुलछडी येईना.

सोमेश्वरनं लगाम ओढला. तिनं तो परत ओढला. गूळ दाखवला. गूळ खाल्ला, पाय हलवला नाही. हरभऱ्याची पाटी फळीवर ठेवली. मान लांब करून तिनं पाटी रिकामी केली. इतका थंड वारा, समोर गवत, खिडकीतून भाताची खाचरं दिसताहेत. बंगला सोडून ती भर उन्हात कशाला उतरेल!

"मागनं ढकला!" कुणीतरी म्हणालं.

"मागं म्हंजे कुठं? मागनंच तर यायची हाय!"

स्वरूप हळूच सोमेश्वरच्या कानाशी लागला. "दाजी, राहू द्या. मला तशी घोड्याची भीतीच वाटते." सोमेश्वरनं त्याला गप्प केलं. रायबा काठीवर दोन्ही हात ठेवून नुसते बघत होते.

"वाजवा रे!" सोमेश्वर बँडवाल्यांवर ओरडला. "ताशा ऐकला की यील भाईर नाचत!"

ताशा कडकडला. आणि गुलछडी नाचायला लागली. आतच!

पहिल्यांदा घुंगरं वाजली. मग फळ्या धाडधाड वाजल्या. मग अख्खा ट्रेलर डावीकडे कलला, उजवीकडे कलला, स्प्रिंगांवर वरखाली व्हायला लागला, आणि त्याच्याबरोबर जीपही ठेक्यात बसायला-उठायला लागली! स्नेहलनं धावत जाऊन चाकाला दगड लावले. खिडकीतून मोत्यांच्या माळांचं डोकं तालावर बाहेर यायचं, आत जायचं. ते बघून बँडवाल्यांना चेव चढला. पोरं नाचायला लागली. पोरांच्या आया नाचायला लागल्या. असली तऱ्हा हिर्डोशीत कुणी बघितली नव्हती!

"आत्ताच निगू द्या!" भावकीतून ओरडा झाला. "नवरदेवाला वर चढवा!"

"ट्रेलरमध्ये माणूस बसणार नाही!" स्नेहल गरजली.

मग स्वरूपला जीपमध्ये पुढं बसवलं. त्यानं आनंदानं पट्टाही लावला. सोमेश्वरनं दगड काढून माणसाच्या चालीनं जीप सोडली, आणि परण्या निघाला. पुढं बँड, मग नाचणारी पोरं, मग हिसके खाणारी जीप, आणि मागं डोलणारा ट्रेलर. दारादारांतून बायका आरती घेऊन आल्या, आणि ट्रेलरच्या खिडकीशी जाऊन त्यांनी आधी घोडीला ओवाळलं. नवरदेवाकडे फिरेपर्यंत निम्म्या निरांजनांतल्या वाती विझल्या होत्या. एवढं सगळं होऊन मारुतीला वेळेवर पोचले आणि मुहूर्तही साधला. हिर्डोशी घामाघूम झाली होती आणि भलतीच खूश होती.

अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगती बसल्या. सोमेश्वर खाली मान घालून लापशी कालवत होता. घोडी आली होती, पण नवरदेव तिच्यावर बसला नव्हता. सबूद राहिला होता का गेला होता, हेच त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी घुंगरं वाजली. बघतो तर गुलछडी! वाजंत्री थांबली, गर्दी पांगली, तशी ती आपण होऊन शांतपणे खाली उतरली होती, आणि झूल सावरत, कुणाला बसवायचंय ते बसवा म्हणून उभी होती.

पंगत खोखो हसली. रायबा उठले. घोडीकडे त्यांनी पायापासून बघितलं. मग राखाडी जीपकडे बघितलं. मग येऊन भरपंगतीत, सगळ्या भावकीदेखत, जावयाच्या पाठीवर थाप मारली. सोमेश्वरनं हातातला घास पानात ठेवला. त्याचे डोळे भरून आले.

"पाव्हनं," रायबा म्हणाले, "गाडी तुमी लाखात एक निवडली! आता तिला शोभंल अशी येखादी घोडी बगा."